गर्दीच्या एक वर्ष मागं: खानदेशात बसून कन्सोल गेम घ्यायचे ते असे

माझ्या कपाटात 'सायबरपंक २०७७'ची पिवळ्या कव्हरची सीडी आहे. ब्लू-रे डिस्कला आपल्याकडे सगळे सीडीच म्हणतात, म्हणून मीही इथं सीडीच म्हणतो. हा गेम १० डिसेंबर २०२० ला आला तेव्हा पीएस४ वर (सोनीचा प्लेस्टेशन ४, टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल) तो इतका अडखळत होता, की आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन स्टोअरवरून काढून टाकला. परत विक्रीला आला तो २१ जून २०२१ ला. ज्यांनी आधीच नोंदणी करून पूर्ण पैसे भरले होते, त्यांच्या वाट्याला गेमचं सगळ्यात वाईट रूप आलं. तीच पीएस४ ची सीडी मी तीन वर्षांनी भुसावळच्या एका कॉलेजच्या पोराकडून ९०० रुपयांना घेतली. पीएस५ मध्ये, म्हणजे त्याच्या पुढच्या कन्सोलमध्ये टाकली आणि पीएस५ साठी सुधारलेली आवृत्ती वर एक रुपयाही न देता उतरवली. सगळ्यात कमी पैशात मला गेमचं सगळ्यात चांगलं रूप मिळालं.

तेव्हापासून मी गर्दीच्या एक वर्ष मागं चालतो. मी जळगावात नोकरी करतो, घर रावेर तालुक्यात आहे, आणि मोठा नवा गेम पाच हजारांच्या घरात जातो. दर दोन महिन्यांनी एवढे पैसे काढले तर माझी आजी ऐकवणारच, "पैसा काय झाडले लागतस का रे?" तिचं बरोबर आहे. पण वर्षाला दहा-बारा चांगले गेम मी खेळतो. कसे, ते सगळं सांगतो.

आधी सीडीची खाच बघा

कन्सोल घेताना दुकानदार टीव्ही, फोरके आणि फ्रेमचं बोलतो. तुम्ही एकच बघा: सीडी आत जाते का? पीएस५ ची डिजिटल आवृत्ती आणि मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स सिरीज एस यांना सीडीची सोय नाही. सुरुवातीला ते स्वस्त पडतात, पण पुढं प्रत्येक गेम कंपनीच्या स्टोअरमधूनच घ्यावा लागतो आणि तो कधीच विकता येत नाही. सेकंडहँडचा अख्खा बाजार तुमच्यासाठी बंद. साध्या सिरीज एसमध्ये ५१२ जीबी जागा लिहिलेली असते, प्रत्यक्षात वापरायला ३६४ जीबीच्या आसपास उरते. म्हणजे मोठे तीन-चार गेम. पीएस५ च्या नव्या स्लिम डिजिटल मॉडेलला सीडी ड्राइव्ह नंतर वेगळा घेऊन जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं. तो घरी नेट नसताना बसवायला जाऊ नका.

नवीन परवडत नसेल तर सेकंडहँड पीएस४ मध्ये आजही काही वाईट नाही. २०१३ पासूनचा गेमचा मोठा साठा त्यावर आहे, आणि उद्या पीएस५ घेतला तर त्यातल्या जवळपास सगळ्या सीडी त्यावर चालतात. फक्त 'जेलब्रेक केलेला (कंपनीचं कुलूप तोडून चोरीचे गेम चालवणारा), पन्नास गेम भरून' असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. तसा कन्सोल ऑनलाइन नेला की त्यावर बंदी येण्याची भीती, अपडेट करता येत नाही, आणि विकायला गेलात तर जाणकार माणूस हात लावत नाही. सेकंडहँड कन्सोल बघायला जाताना स्वतःची एक सीडी बरोबर न्या. स्वतःच्या अकाउंटने लॉगिन करा, सीडी टाकून वीस मिनिटं खेळा, पंख्याचा आवाज ऐका, एचडीएमआयची वायर हलकेच हलवून चित्र जातं का बघा. कंट्रोलरच्या काडीला हात न लावता पडद्यावरचा माणूस आपोआप चालत असेल, तर काडी गेलेली आहे. तेवढे पैसे भावात कापून घ्या.

निन्टेंडो या तिसऱ्या कन्सोल कंपनीबद्दल थोडक्यात. भारतात त्यांची अधिकृत विक्री नाही, त्यामुळे जो माल मिळतो तो बाहेरून आणलेला, वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर. त्यांचे स्वतःचे गेम वर्षानुवर्षं फारसे स्वस्त होत नाहीत. त्यांच्या स्विच २ कन्सोलच्या काही गेमच्या कार्डात तर गेम नसतोच, नुसती किल्ली असते, बाकी सगळं डाउनलोड. डब्यावर खाली तसं छापलेलं असतं, ते वाचूनच पैसे द्या. स्वस्तात खेळायचंय त्याने इकडे वळू नये, असं माझं मत आहे.

वीज आणि ऊन

पुण्या-मुंबईचे लोक लिहितात त्यात हा भाग नसतो, आणि आपल्याकडे कन्सोल मरतात ते याच दोन गोष्टींनी. सोनीने पीएस५ साठी सांगितलेलं तापमान ५ ते ३५ अंश आहे. भुसावळला मे महिन्यात बाहेर ४५ असतं, आणि पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी ३८ सहज होतं. म्हणून एप्रिल-मेमध्ये मी सकाळी सातच्या आधी किंवा रात्री दहानंतरच मोठा गेम लावतो. कूलरचा झोत कन्सोलवर सरळ येऊ देऊ नका. थंड वाटतो, पण त्यात ओल असते. टीव्हीच्या लाकडी खणात कोंबलेला कन्सोल बाहेर काढा, मागं निदान वीतभर जागा सोडा.

धूळ आणि कापसाचे तंतू हा दुसरा भाग. माझ्या एका मित्राचं घर जिनिंगच्या जवळ आहे. त्याचा पीएस५ उघडला तर बाजूच्या पांढऱ्या कव्हराखाली धूळ जमा होण्यासाठी जी भोकं दिलेली आहेत, ती करड्या बुरशीसारख्या थराने पूर्ण बुजली होती. कव्हर हाताने सरकवून निघतं, स्क्रू नाही. व्हॅक्युम क्लिनर लावला, मऊ ब्रश फिरवला, पंधरा मिनिटांत काम झालं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर मात्र नेऊ नका. त्या हवेबरोबर पाणी येतं आणि पंखा उलटा गरगर फिरून खराब होतो.

लाइट जाणं तर ठरलेलंच. गेम सेव्ह होत असताना वीज गेली तर सेव्ह फाइल खराब होऊ शकते, आणि पन्नास तासांचा खेळ गेल्यावर माणूस खरंच रडकुंडीला येतो. घरात इन्व्हर्टर असेल तर मागची कळ 'यूपीएस' मोडवर आहे का ते बघा. दुसऱ्या मोडवर वीज पलटायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात कन्सोल बंद पडतो. इन्व्हर्टर साइन वेव्हचा हवा, स्क्वेअर वेव्हवर कन्सोल चालवू नका. इन्व्हर्टर नसेल तर संगणकाचा १००० व्हीएचा यूपीएस घ्या. पीएस५ खेळताना साधारण २०० वॅट घेतो, टीव्ही धरून दहा मिनिटं निघतात, आणि सेव्ह करून नीट बंद करायला दहा मिनिटं पुष्कळ झाली.

नेटचं गणित कागदावर मांडा

गेमचा आकार एमबीत घ्या (१ जीबी म्हणजे हजार एमबी), आठने गुणा, नेटच्या एमबीपीएस वेगाने भागा, येतात ते सेकंद. १०० जीबीचा गेम ३० एमबीपीएसच्या फायबरवर साधारण साडेसात तास घेतो, १०० एमबीपीएसवर सव्वादोन तास. गावी फायबर नसेल आणि रोजच्या २ जीबीच्या मोबाइल डेटावर असाल तर तोच गेम ५० दिवस. म्हणून आपल्या भागात सीडीला दुप्पट किंमत आहे. पण सीडी घेतली म्हणजे सुटलो असंही नाही. 'कॉल ऑफ ड्यूटी: मॉडर्न वॉरफेअर २'च्या २०२२ च्या पीएस५ सीडीवर जेमतेम ७० एमबी होते. बाकी सगळा गेम नेटवरून. सीडी घेण्याआधी 'पूर्ण गेम सीडीवर आहे का' हे यूट्यूबवर शोधून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

नवीन गेमला पूर्ण पैसे कधी द्यावेत

माझ्या हिशेबात फक्त दोन वेळा. एक, घरातली सगळी मंडळी खेळणार असतील तेव्हा. 'अ‍ॅस्ट्रो बॉट' सप्टेंबर २०२४ ला आला, मी पहिल्या महिन्यातच घेतला, कारण दिवाळीला भाचे येणार होते. त्या वर्षीचा 'गेम ऑफ द इयर'चा मान त्याला गेम अवॉर्ड्समध्ये मिळाला, पण मला पटलं ते वेगळ्याच कारणाने: सहा वर्षांची भाची आणि मी, दोघांनाही तो सारखाच रमवतो. छोटा रोबो वाळूवरून चालला की कंट्रोलर तळहातात खसखस करतो, काचेवरून चालला की टकटक. तिने डोळे मिटून ओळखायचा खेळच केला होता.

दुसरी वेळ म्हणजे महिन्याभरात संपवून विकायची तयारी असेल तेव्हा. नव्या गेमची सीडी पहिल्या महिन्यात किंमत धरून ठेवते. ५,००० ला घेऊन तीन आठवड्यांत ४,००० ला गेली, तर खेळ पडला १,००० ला. तीच सीडी चार महिने कपाटात राहिली तर २,५०० सुद्धा कुणी देत नाही. कथेचे, पंचवीस-तीस तासांत संपणारे गेम यासाठी ठीक. शंभर तासांचे गेम अजिबात नाही.

नवीन असूनही मुळात स्वस्त येणारे गेम मात्र थांबू न देणारे असतात. 'हॉलो नाइट: सिल्कसाँग' ४ सप्टेंबर २०२५ ला अमेरिकेत फक्त २० डॉलरला आला. एप्रिल २०२५ चा 'क्लेअर ऑब्स्क्युअर: एक्सपिडिशन ३३' फ्रान्सच्या एका नव्या स्टुडिओने केला, मोठ्या कंपन्यांपेक्षा कमी किमतीत, आणि २०२५ चा गेम ऑफ द इयर ठरला. माझ्या मते गेल्या काही वर्षांत कथा सांगण्यात त्याच्या जवळ कुणी गेलं नाही. इंग्रजी संवाद भराभर जातात, म्हणून सबटायटल्सची अक्षरं मोठी करून घ्या.

खेळाचे वार्षिक गेम नवीन घेणं मला कधीच पटलं नाही. फुटबॉलचा 'ईए स्पोर्ट्स एफसी' दर सप्टेंबरच्या शेवटाला नवा येतो आणि जुना लगेच गडगडतो. मित्र ज्या वर्षाचा खेळतात तोच घ्या. क्रिकेटसाठी 'क्रिकेट २४' आहे, त्यात त्रुटी बऱ्याच आहेत, पण दोन कंट्रोलर आणि चार माणसं असली की रविवार जातो.

येणाऱ्या गेमची वाट कशी बघावी

'जीटीए ६'बद्दल मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतं. पहिलं ट्रेलर डिसेंबर २०२३ मध्ये आलं. तेव्हा २०२५ म्हणाले, मग २६ मे २०२६, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तारीख पुन्हा सरकून १९ नोव्हेंबर २०२६ झाली. म्हणजे लक्ष्मीपूजन होऊन अकरा दिवसांनी. जाहीर झालाय तो पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स-एससाठी. पीएस४ वाल्यांनी या एका गेमसाठी घाईने कन्सोल बदलू नये. तारीख दोनदा सरकली आहे, कन्सोल गेम हातात आल्यावरही घेता येतो.

प्री-ऑर्डरचे पैसे आधी गुंतवून मिळतं काय, तर एखादा पोशाख, एखादी रंगीत बंदूक. डिजिटल गेमचा माल संपत नाही, त्यामुळे आधी नोंदवण्याची गरजच उरत नाही. येणारा गेम आवडला तर स्टोअरच्या अ‍ॅपमध्ये विशलिस्टला टाका आणि विसरून जा. आल्यावर दोन आठवडे थांबा, ज्या कन्सोलवर तुम्ही खेळणार त्याच कन्सोलवरचा व्हिडिओ बघा. संगणकावरचा बघून फसायला होतं, सायबरपंकच्या वेळी नेमकं तेच झालं होतं.

सेलचं कॅलेंडर

आपल्या सणांशी जोडलं की लक्षात राहतं. आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की महिनाभरात प्लेस्टेशनचा 'डेज ऑफ प्ले' लागतो, मे अखेर ते जूनमध्ये. श्रावणातल्या कानबाईच्या सणाच्या सुमारास १५ ऑगस्टचे ऑनलाइन दुकानांचे सेल. दिवाळीत कन्सोल आणि सीडी दोन्हींवर. नोव्हेंबरच्या शेवटी ब्लॅक फ्रायडे, आणि डिसेंबर अखेर ते जानेवारी वर्षातला माझा सगळ्यात आवडता सेल.

पण '७० टक्के सूट' वाचून उडी मारू नका. पीएसडील्ससारख्या साइटवर गेमच्या किमतीचा मागचा इतिहास दिसतो. भारताचं स्टोअर निवडा आणि आजवरचा सगळ्यात कमी भाव बघा. आज त्याच भावात असेल तर घ्या, शंभर-दोनशेने वर असेल तर पुढच्या सेलला तो परत तिथं येतोच. युबिसॉफ्ट कंपनीचे गेम चार-सहा महिन्यांत निम्म्यावर येतात, त्यांना पहिल्या दिवशी हात लावू नका. आणि तुलना करताना परत मिळणारे पैसे धरा. डिजिटल १,२०० ला, सीडी १,३०० ला, पण सीडी खेळून १,००० ला गेली तर ती ३०० ला पडली. प्लेस्टेशनवर डिजिटल गेम घेतल्यावर १४ दिवसांत पैसे परत मागता येतात, पण एकदा डाउनलोड सुरू केलं की तो हक्क साधारणपणे गेला. म्हणून घेतल्या घेतल्या डाउनलोडचं बटण दाबू नका, रात्रभर विचार करा.

'कम्प्लीट', 'गेम ऑफ द इयर' अशी नावं असलेल्या आवृत्त्या शोधा, त्यात नंतर आलेले जादा भाग एकत्र असतात. 'द विचर ३' तसाच घ्यावा. २०१५ चा गेम आहे, पण पीएस४ ची सीडी असली तरी डिसेंबर २०२२ पासून पीएस५ ची आवृत्ती फुकट मिळते. फक्त ती सीडी खेळताना आत लागते, म्हणून वर खाचेबद्दल एवढं सांगितलं.

सेकंडहँड सीडी हातात घेतल्यावर

जळगावात गोलाणी मार्केटला चक्कर मारा, सुरतला नातेवाईक असतील तर त्यांना सांगून ठेवा, बाकी फोनवरच्या जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर शोधा. सीडी उन्हात धरा, दिव्याखाली नव्हे. चमकता भाग तिरपा करून हळूहळू फिरवा. ब्लू-रेमध्ये माहितीचा थर पृष्ठभागापासून फक्त ०.१ मिलिमीटर आत असतो, जुन्या डीव्हीडीत तो ०.६ वर असायचा. म्हणून वरून कडक लेप दिलेला असतो आणि बारीक केसासारखे ओरखडे चालतात. मात्र नखाला लागतो असा ओरखडा असला तर सीडी ठेवून द्या. पॉलिश करून, टूथपेस्ट लावून ती सुधारत नाही, उलट लेप जातो. मधून बाहेर जाणाऱ्या रेघेपेक्षा गोलाईत गेलेली रेघ जास्त वाईट. शेवटी मधल्या भोकाभोवती बोट फिरवा. डब्यातून ओढून काढणाऱ्यांच्या सीडीला तिथं तडा असतो, आणि तो तडा फिरता फिरता वाढतो.

'रेड डेड रिडेम्प्शन २' घेत असाल तर डब्यात दोन सीडी आहेत का मोजा, एक इन्स्टॉल करायची, एक खेळायची. एकच असेल तर डबा बिनकामाचा. आतल्या कागदावरचे कोड वापरलेलेच समजा. सीडी दुबईहून किंवा अमेरिकेहून आलेली असेल तर गेम चालेल, पण पुढं घेतलेला जादा भाग त्याच प्रदेशाचा लागतो, भारतीय अकाउंटवरचा जुळेलच असं नाही.

एका गोष्टीपासून हात जोडून सांगतो, लांब राहा. 'प्रायमरी अकाउंट, सेकंडरी अकाउंट' म्हणून जे स्वस्तात विकतात, ते दुसऱ्याच्या अकाउंटची चावी विकत असतात. कंपनीच्या नियमांत ते बसत नाही. माझे २,२०० रुपये असेच गेले. चार महिने गेम चालला, मग एका सकाळी कुलपाची खूण आली, पासवर्ड बदललेला, समोरचा नंबर बंद. तक्रार तरी कुणाकडे करणार?

बाहेरगावच्या माणसाकडून घेताना दोन्ही बाजूंचा उन्हातला व्हिडिओ मागा, त्यात आजची तारीख कागदावर लिहून ठेवायला सांगा. विकताना मी स्वतःही तेच पाठवतो. बबल रॅप दोन फेर, वर जाड पुठ्ठा, स्पीड पोस्ट. डब्याची कड फुटली तरी पुढच्या वेळी शंभर रुपये कमी येतात.

दीड हजाराच्या आत माझी निवड

'घोस्ट ऑफ त्सुशिमा', 'गॉड ऑफ वॉर' (२०१८ चा) आणि 'होरायझन झिरो डॉन' या तीन सीडी घेतल्या की पीएस४ वाल्याचं वर्ष निघतं. जोडीने खेळायला 'इट टेक्स टू'. तो एकट्याने खेळताच येत नाही, आणि एकाने घेतला तर दुसरा मित्र आपल्या घरून 'फ्रेंड्स पास'वर फुकट जोडीला येतो. आपल्या मातीतला म्हणून 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' खेळाच. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये केलेला, भावाला शोधणाऱ्या मुलीचा गेम. पाच-सहा तासांत संपतो, मारामारी थोडी अवघडलेली आहे, पण भिंतीवरची चित्रं बघत उभं राहावं असं आहे.

आणि 'स्टारड्यू व्हॅली'. एकाच माणसाने बनवलेला, २०१६ चा, आकार इतका लहान की मोबाइल डेटावरही उतरतो. मी मागच्या पावसाळ्यात घरी हा लावून बसलो होतो. आबा केळीच्या बागेतून आले, पाय धुऊन मागं उभे राहिले. पडद्यावर मी झारीने एकेका वाफ्याला पाणी घालत होतो.

"ठिबक नाही का याला?"

म्हटलं, आबा, स्प्रिंकलर आहे, पण शेतीची लेव्हल वाढल्यावर मिळतो. साध्याने चार वाफे भिजतात, त्याच्या वरच्याने आठ. ते खुर्ची ओढून बसले. संध्याकाळी मी टरबुजासारखी फळं पेटीत टाकली, सकाळ झाली, पैसे जमा झाले.

"भाव कोण ठरवतं?"

"ठरलेलाच आहे. रोज तोच."

"आवक वाढली तरी?"

"तरी तोच."

आबा बराच वेळ त्या पेटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, उद्या ते आठ वाफेवालं बसव, आणि तोवर ती झारी माझ्याकडे दे.